शोभाताईंचा अनुभवाचा दाखला

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर बहुधा मान दिला असता — आणि त्याच मानाची मला आता किळस येते.

नाशकात माझं ॲक्युपंक्चरचं क्लिनिक आहे. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, चांगल्या चौकटीत. बोगस लोकांवर मी भाषणं ठोकतो. दोन रविवारच्या शिबिरात सुया टोचायला शिकलेले हे दीडशहाणे — बिंदू शोधताना स्वतःच्या अंगठ्यानं मोजतात! माप रुग्णाच्या अंगठ्याचं घ्यायचं असतं, एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांनी कसले उपचार करायचे? लोक टाळ्या वाजवतात. काय पण लोक!

ते माप मला तरी कुणी शिकवलं? शोभाताईंनी.

आमच्या सरांच्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आम्ही दोघं हाताखाली होतो. मी पदवीधर, इस्त्रीच्या शर्टात नावं लिहून घेणारा. शोभाताई दिंडोरीच्या, दहावी झालेल्या. सरांचे हात थरथरायला लागल्यावर सगळ्या सुया त्याच टोचायच्या. द्राक्षाच्या छाटणीनं खांदे आखडलेल्या बाया मला बघून तोंडावर सांगायच्या, "तुम्ही नको, बाईंना बोलवा." मला ते लागायचं. हो, फार लागायचं.

मग नोंदणी सक्तीची झाली. नव्यांना शिक्षण आणि परीक्षा. आमच्यासारख्या जुन्यांनी मुदतीत अर्ज केला, तर अनुभवाच्या दाखल्यावर नोंदणी. सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी दोघांचे दाखले सही करून माझ्याकडे दिले आणि आठवड्यात गेले. शोभाताईंनी मला विचारलं, "दादा, दहावीवर माझं व्हईल का वो?"

आणि मी — मी सांगितलं, पदवी लागते. नियमात तसं काहीही नव्हतं. त्यांचा दाखला माझ्या खणात होता. मुदत संपेपर्यंत तो तिथेच ठेवला, मग फाडला. त्या म्हणाल्या, तुमचं तरी झालं, बरं झालं. इतका विश्वास ठेवतात का कुणावर? — बघा, अजून मी त्यांनाच बोल लावतोय. इतका हलकट आहे मी.

एवढ्यावर थांबलो असतो, तरी नुसता लबाड ठरलो असतो. पण दिंडोरीच्या बाया माझ्याकडे येईनात. शोभाताईंच्या घरी जायला लागल्या, ओसरीवर बसून सुया घ्यायला. मग मी तक्रार लिहिली. निनावी नाही; सही-शिक्क्यासकट, जबाबदार व्यावसायिक म्हणून. 'अशिक्षित महिला, नोंदणी नाही, रुग्णांच्या जिवाशी खेळ.' अशिक्षित! हा शब्द लिहिताना हात अडखळला का? छे. उलट अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. चौकशीला माणसं गेली, सुया जप्त केल्या, साऱ्या गल्लीसमोर त्यांच्याकडून 'पुन्हा कुणाला सुया टोचणार नाही' असं लिहून घेतलं.

तक्रार कुणाची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मलाच फोन आला. "दादा, तुम्ही सांगा ना त्यांना, मी सरांकडं शिकले म्हणून. तुमच्याशिवाय कोण हाय मला साक्षीला?"

बघतो, म्हणालो. मग त्यांचा नंबर ब्लॉक केला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.