निळ्या वाचनालयाचं गाऱ्हाणं
ऑइलपेंटचा वास आला की माझ्या तोंडून आपोआप 'व्हय म्हाराजा' निघतं. आमच्या गावच्या वाचनालयात वाचक उरले नव्हते. शेवटचा उपाय म्हणून आम्ही समितीवाल्यांनी पाटी, कपाटं, खुर्च्या सगळं एकाच निळ्या रंगात रंगवून घेतलं आणि प्रत्येकावर होडीचं एकसारखं चिन्ह काढलं. उद्घाटनाला अध्यक्षांनी नारळ ठेवून खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या रंगाक भुलान तरी चार वाचक येवंदेत रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आम्ही दणक्यात ओरडलो. ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, "अवो, वरडलेत ते सगळे समितीचेच आसत." कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. हल्ली तिथून जाताना मला काहीच वाटत नाही. दाराला कुलूप असतं. शिस्त म्हणजे शिस्त, तेही निळंच आहे.