प्रेशरवाले काका

मी डॉक्टर झालो तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या गुरव सरांमुळे. २००५ साली अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका इस्पितळात मी शिकत होतो. तिथे एका शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांच्या जागी ड्यूटीवर आलेले एक मराठी स्पेशालिस्ट डॉक्टर काका भेटले.

नागपूरहून लेकाकडे आलेल्या एक मावशी सेप्टिक शॉकमध्ये होत्या. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला होता, लघवी थांबली होती. काकांनी रक्तदाब वाढवणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन सुरू केलं. आकडा चढला, तशी त्यांनी मॉनिटरची पाठ थोपटली.

“बघ यार, काय ब्यूटिफुल प्रेशर!”

“काका, आईच्या किडन्या?” लेकाने विचारलं.

“अरे, प्रेशर आलं की किडन्या धावत येतात. आधी हे एन्जॉय कर!”

लेक लघवीच्या रिकाम्या पिशवीकडे बघत राहिला. संध्याकाळी डायलिसिसचं मशीन आलं. काका कोट चढवत म्हणाले, “आता ही किडनीवाल्यांची केस. आपल्याकडून पेशंट एकदम ओके!”

आठवड्याने मी सरांना पत्र लिहिलं: ‘सर, मावशींचं प्रेशर उत्तम आहे, किडन्या बंदच आहेत. “आईला नागपूरला कधी नेता येईल?” असं लेकाने आज विचारलं. मीही त्याला प्रेशरच सांगितलं.’