बंद गाडीला जयसिंगरावांचा पाय

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला असं समजा. कोळवणहून पौडला जाणारा रस्ता, टळटळीत दुपार. मोटारसायकलवर माझे शेजारी जयसिंगराव ढमाले, मागे तांदळाची पिशवी धरून मी. त्यांची लेक सायली महाळुंग्याला सासरी निघाली आणि नवा आंबेमोहर घरीच विसरली. पौडहून एसटी सुटायच्या आत तिला गाठायचं होतं.

चढावर हिंजवडीचा शैलेश नावाचा तरुण बंद गाडी ढकलत होता. बंद गाडी दिसली की जयसिंगराव थांबतातच.

"अहो, एसटी चुकेल!" मी म्हणालो.

"चुकंल की. पर ह्याला उन्हात हितं कसा सोडू?"

त्यांनी शैलेशला त्याच्या गाडीवर बसवलं, आमच्या मोटारसायकलवरून तिच्या फूटरेस्टला आपला पाय लावला आणि ती रेटत पौडच्या गॅरेजपर्यंत नेली.

एसटी गेली होती. मी रंगमंचावर पुष्कळ बाप उभे केले, पण रिकाम्या स्टँडकडे बघत असं उभं राहणं मला कधी साधलं नाही.

"काका, महाळुंगे आमच्या हिंजवडीला लागूनच. गाडी सुरू झाली की मी तिकडेच जाणार. पत्ता द्या, पिशवी ताईंकडे पोचवतो," माझ्याकडून सगळं ऐकून शैलेश म्हणाला.

जयसिंगरावांनी पिशवी त्याच्या हाती दिली.

"दारातनं माघारी फिरू नका. तिला भात टाकाया लावा, अन् जेवूनच निघा."