हवालदारानं न सांगितलेली गोष्ट

जोतीराम थोरात मूळचा आष्ट्याचा. लष्करात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तुकडीत, सतरा वर्षं टेलिप्रिंटर दुरुस्त करून तो १९७४ साली हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिक म्हणून लागला. दोन वर्षांनी कॉलेजात कॉम्प्युटर आला. दोन कपाटांएवढं ते यंत्र होतं, शेजारी अक्षरं छापणारा टेलिप्रिंटर आणि भोकं पाडलेली कागदी टेप वाचणारा रीडर. यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअरनं प्राध्यापकांना सगळं समजावून सांगितलं, पण हात बसला तो जोतीरामचा.

यंत्र सुरू करायचं म्हणजे समोरचे सोळा खटके वर-खाली करून एकेक आकडा आत सोडायचा. असे चौदा आकडे बिनचूक गेले की मगच यंत्र डिस्कवरचा आपला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, उचलायचं. प्राध्यापक ते कागदात बघून करायचे आणि तरी चुकायचे. जोतीराम न बघता करायचा. पाहुणे आले की प्राचार्य त्याला बोलावून घ्यायचे. इस्त्रीचा खाकी शर्ट घालून तो खटके टकाटक लावायचा आणि टेलिप्रिंटर खडखडायला लागला की दोन पावलं मागं सरून उभा राहायचा. दोन वर्षं त्या खोलीत त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये पद्मा दातार आली. वाईची मुलगी, गणितात एम.एस्सी., वय चोवीस. कॉलेजनं तिला प्रोग्रॅमर म्हणून घेतलं. दिवाळीनंतर हैदराबादला यंत्राच्या कंपनीत सहा आठवड्यांचं ट्रेनिंग निघालं. हे ट्रेनिंग आपलंच, असं जोतीराम धरून चालला होता. त्यानं लष्करातली ट्रंक माळ्यावरून काढून पुसूनही ठेवली होती. ऑर्डर निघाली ती पद्माच्या नावाची. ट्रंक पुन्हा माळ्यावर चढवताना त्यानं बायकोला, हरणाबाईला, हात लावू दिला नाही.

पद्मा परत आली आणि खोलीतलं मुख्य माणूस बदललं. आता पाहुण्यांपुढं तिला बोलावत. साखर कारखान्याचे लोक ऊसतोडीचं वेळापत्रक करून घ्यायला आले, तेही तिच्याशीच बोलले. जोतीराम टेलिप्रिंटरला कागद लावायचा, धूळ पुसायचा. ती त्याच्याशी वाईट वागली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती त्याला हवालदारकाका म्हणायची, चहा आला की पहिला कप त्याच्यापुढं सरकवायची. तिचं हे वागणंच त्याला सलायचं. ती खटके लावताना चुकली की तो खिडकीबाहेर बघत मनात चुका मोजायचा.

फेब्रुवारीत हैदराबादहून नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली, कागदी टेपांच्या सात गुंडाळ्या. त्या रीडरमधून वाचवून डिस्कवरच्या जुन्या सिस्टीमच्या जागी घालायच्या होत्या. त्याच आठवड्यात जोतीरामला एक गोष्ट कळून चुकली होती. रीडर टेपेवरची भोकं दिव्याच्या उजेडानं ओळखायचा. तो दिवा जुना झाला होता, आणि दुपारी दोननंतर शेतावरचे पंप सुरू होऊन व्होल्टेज पडलं की मंद व्हायचा. मग एखादं भोक रीडरला दिसायचंच नाही. जोतीराम आपली कामं सकाळीच उरकून घेत होता. कुणाला बोलला नव्हता.

मंगळवारी पद्मा म्हणाली, आज तीनला नवी सिस्टीम घालू, तोवर मुलांची प्रॅक्टिकल संपतील. जोतीरामनं मान हलवली. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते, असं तो पुढं कधी तरी हरणाबाईला म्हणाला. पण तो बोलला नाही.

तीन गुंडाळ्या गेल्या. चौथीच्या मध्यावर टेलिप्रिंटरनं चुकीची खूण छापली आणि यंत्र थांबलं. पद्मानं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. या वेळी दुसरीवरच अडकलं. तिसऱ्यांदा तर पहिलीच वाचेना. तोवर डिस्कवरची जुनी सिस्टीम निम्मी पुसली गेली होती आणि नवी निम्मीच आली होती. जोतीरामनं चौदा आकडे घातले तरी यंत्र गप्प. कारखान्याला वेळापत्रक शनिवारी द्यायचं होतं. नऊशे शेतकऱ्यांचा ऊस कधी तोडायचा ते त्यावर ठरणार होतं. प्राचार्य आले आणि मुलांच्या देखत म्हणाले, चालतं यंत्र बंद पाडायला तुम्हाला हैदराबादला पाठवलं होतं का? पद्मानं, टेपच खराब आली असावी, हैदराबादला तार करते, दुसरी यायला तीन आठवडे लागतील, एवढंच खालच्या आवाजात सांगितलं.

जोतीराम सायकलवरून घरी आला तो शीळ घालत. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हरणाबाई म्हणाली, "आज लय खुशीत दिसताय."

त्यानं सगळं सांगितलं, दिव्यासकट. ती चुलीपुढून उठली नाही, वळूनही बघितलं नाही.

"म्हंजी तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् त्या पोरीला बोलणी खाताना बगत हुबं ऱ्हायलासा."

त्यानं हात धुतला. शीळ पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कॉलेजात पोचला. पश्चात्तापानं गेला असं म्हणता येणार नाही. जुनी सिस्टीम पहिल्यांदा ज्या टेपांवरून घातली होती त्या त्यानं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. यंत्र एकट्यानं उठवायचं आणि प्राचार्य आले की दोन पावलं मागं सरून उभं राहायचं, हे त्याच्या डोक्यात होतं. सकाळचं व्होल्टेज चांगलं होतं. त्यानं टेप वाचायला लावणारे आकडे खटक्यांवरून घातले. दोन गुंडाळ्या सरळ गेल्या. तिसरी हातात घेतली तर घडीवर फाटलेली. तुकडा चिकटवता आला असता, पण पाच ओळींची भोकंच गेली होती. तिथं कुठली भोकं होती हे बोटांना ठाऊक नव्हतं. तो तशीच टेप हातात धरून बसून राहिला.

आठला पद्मा आली. रात्रभर झोपली नसावी. तिनं डबा बघितला, चालू यंत्र बघितलं आणि काही न विचारता त्याच्या हातातली टेप घेतली. कपाटातून जुन्या सिस्टीमच्या आकड्यांची छापील यादी काढून तिनं फाटलेल्या जागेच्या मागचे-पुढचे आकडे जुळवले. अर्ध्या तासानं पाच ओळी कागदावर मांडून दिल्या. जोतीरामनं कोऱ्या पट्टीवर हातपंचनं एकेक भोक पाडलं, पट्टी चिकटवली, कडा नखानं दाबल्या. टेप रीडरमधून गेली. साडेनऊला टेलिप्रिंटर खडखडला आणि जुन्या सिस्टीमची ओळखीची ओळ छापून आली.

पद्मा खुर्चीत बसली. काल का वाचलं नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली.

"दुपारी दिवा मंद होतो," जोतीराम म्हणाला. "आठ दिवस झाले, मला माहीत हाय."

ती खुर्चीतून त्याच्याकडं वळली. मग तिनं विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

"हैद्राबादला मी जायचा होतो, म्याडम."

तिनं टेलिप्रिंटरवरचा छापलेला कागद फाडून घेतला. "मला आधी ठाऊक असतं तर मी तुमचं नाव पुढं केलं असतं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "मलाही जायचंच होतं."

प्राचार्य आले तेव्हा तिनं सांगितलं की यंत्र हवालदारांनी उठवलं आणि दोष दिव्यात होता, तोही त्यांनीच शोधला. कधी शोधला, ते सांगितलं नाही. प्राचार्यांनी जोतीरामच्या पाठीवर थाप मारली. तो मागं सरला नाही, पुढंही आला नाही. आता ती सांगेल, मग सांगेल, म्हणून तो पुढचे कितीतरी दिवस वाट बघत होता. तिनं कधीच सांगितलं नाही, आणि त्याबद्दलही त्याला तिचा राग यायचा.

शुक्रवारी सकाळी सातला दोघांनी मिळून नवी सिस्टीम घातली. सातही गुंडाळ्या बिनतक्रार गेल्या. शनिवारी वेळापत्रक कारखान्याला पोचलं. पण बुधवारच्या त्या सकाळपासून पद्मानं त्याला काका म्हटलं नाही. हवालदार म्हणायची, कामापुरतं. चहाचा कप आपापला घ्यायचा. एका स्थानिक पेपरात तिचा यंत्रापुढचा फोटो आला, तेव्हा जोतीरामनं तो अंक उलटा करून ठेवला. हेवा गेला नव्हता. मात्र यंत्राचं काही बिनसलं की तो त्याच दिवशी तिच्या टेबलापाशी जाऊन सांगायचा, तिच्याकडं न बघता.

नवा दिवा यायला तीन महिने लागणार होते. त्यानं रीडरच्या वर आपल्या हातानं एक कागद लिहून डकवला: दुपारी दोन नंतर टेप लाऊ नये. दीवा मंद असतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पद्माच्या पेन्सिलीनं तीन ठिकाणी शुद्धलेखनाची दुरुस्ती केलेली. दोन दिवस तो धुमसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तो कागद काढला आणि दुरुस्त्यांसकट नवा लिहून लावला.