खंडेनवमीचा धक्का

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी चहातली चोरून घेतलेली साखरही लपवू शकत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? एकदा कागदावर उतरलं की मागे फिरता येणार नाही, म्हणून. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. पळवाट दिसली की मी पळतो.

आधी दुखण्याचं सांगतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी अंबडच्या एका कारखान्यात डाय-सेटर होतो. पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसमध्ये लोखंडी साचे, म्हणजे डाय, बसवायचं काम. पस्तिशी उलटली आणि माझं गळ्याखालचं उजवीकडचं आडवं हाड दुखायला लागलं. लागलं नव्हतं, पडलो नव्हतो. पंधरा दिवस काही नाही, आणि मग एखाद्या सकाळी उजव्या हाताने भांगही पाडता यायचा नाही. कूस बदलताना जीव जायचा. सुमनने माझ्या शर्टाची बटणं लावायची आणि मी छताकडे बघत राहायचं. तळहातांवर पिवळट फोड यायचे, ते मशीनच्या तेलामुळे असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड जरा जाड वाटतंय, पण मोडलेलं नाही, पू नाही, बाकी काही नाही, असं त्यांनी सांगितलं.

काही नाही! या दोन शब्दांवर आठ महिने काढून बघा. कारखान्यात लोक म्हणायचे, काल तर हा हसत होता, आज लगेच खांदा दुखतो? जड काम आलं की याचं हाड बरोबर दुखतं. हसण्यावारी न्यायचं म्हटलं तरी किती दिवस न्यायचं? मग एका सकाळी बटणं लावता लावता सुमनच म्हणाली, "अहो, मनाचं तर नसेल ना?" मला त्या दिवशी तिचा इतका राग आला की डबा न घेताच कामावर गेलो.

आता निवृत्ती. तो कळवणकडचा, आमच्या खात्यात क्रेन चालवायचा. दीड टनाची डाय अशी अलगद खाली ठेवायचा की खालच्या माणसाला हात लावायची गरज पडू नये. त्याच्या हाताखाली काम करताना कोणी वर बघायचं नाही, इतका भरवसा. मला दादा म्हणायचा. खात्यात माझी टिंगल चालली की तो तेवढा गप्प बसायचा. हे मी नीट लक्षात ठेवलं होतं — आणि तरीही पुढचं केलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. सकाळी सगळं झाडूनपुसून घ्यायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. त्याला विसावा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडत कोणी नव्हतं. त्या वर्षी पेढे वाटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एक डाय चुकीच्या जागी राहिली आहे. सुट्टीनंतर पहिल्याच पाळीत ती लागणार होती. मी निवृत्तीला म्हटलं, एवढी उचलून ठेव.

"दादा, पूजा झालीय. आज नको ना," तो म्हणाला.

पाच मिनिटांचं काम आहे, मी म्हटलं. मीच म्हटलं. त्याने क्रेनला हात जोडले आणि बटण दाबलं. डाय जागेवर बसली. रिकामा हूक परत जाताना थोडा झुलला आणि माझ्या त्याच हाडाला लागला. लागला म्हणजे काय — शर्टाला ग्रीसचा डाग पडला, एवढंच. पण हाड आधीच ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी खाली बसलो.

सगळे धावत आले. आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या दुखण्यासाठी कोणीतरी धावलं होतं. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची. ज्यांनी टिंगल केली तेच वारा घालत होते. साहेबांनी विचारलं, क्रेनचा मार लागला? आणि मी — इथे मला थांबून लिहावं लागतंय — मी 'हो' म्हणालो. मग नव्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, जाड झालेलं हाड पाहिलं आणि विचारलं, आधी कधी दुखत होतं? मी 'नाही' म्हणालो. जुना एक्स-रे घरी कपाटात साड्यांखाली होता, आणि आधीचं दुखणं सगळ्यांनी खोटंच धरलं होतं, त्यामुळे कोणी उलटं बोललं नाही.

त्या दोन शब्दांनी माझं आयुष्य सोपं झालं, हे कबूल करायलाच हवं. मला बसून करायचं काम मिळालं. सुमन हळद गरम करून लावताना रडली, शंका घेतल्याबद्दल माझी माफी मागितली, आणि मी ती ऐकून घेतली. निवृत्तीला मेमो मिळाला. पण तो मेमोवर थांबला नाही. देवाचा दिवस मोडला म्हणून आपल्या हातून माणूस जखमी झाला, हे त्याने मनाशी धरलं. क्रेन त्याने स्वतःहून सोडली आणि पॅकिंगला गेला. तिथे खोक्यांना पट्ट्या ठोकत बसायचा. मला बसचे धक्के सोसत नाहीत म्हणून सिडकोतल्या माझ्या घरी रोज सकाळी स्कूटर घेऊन यायचा. एक-दोन वर्षं नाही, नऊ वर्षं! खड्डा आला की वेग कमी करून विचारायचा, "दुखलं का दादा?" माझं दुखणं कमी-जास्त व्हायचं, जसं आधीही व्हायचं. दर वेळी वाढलं की त्याचा चेहरा उतरायचा. मी मागे बसून ते आरशात बघायचो.

मग दुखणं पाठीत उतरलं, तेव्हा मुंबईच्या एका तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी हाडाआधी माझे तळहात बघितले. फोड कधीपासून येतात, विचारलं. क्वचित होणारा आजार आहे, त्या म्हणाल्या. जंतू नाहीत, शरीर स्वतःच हाडाला सूज आणतं. माराचा याच्याशी संबंध नाही. इतक्या वर्षांनी दुखण्याला नाव मिळालं, औषध मिळालं. त्यांनी एक फॉर्मही दिला, रोजच्या जगण्याबद्दलचा. कपडे स्वतः घालता का? कामावर कसे जाता? मदत कोण करतं? मी निवृत्तीचं नाव लिहिलं. पुढे नात्याची जागा होती. तिथे 'मित्र' असं लिहिलं आणि फॉर्म घाईने परत दिला.

त्या संध्याकाळी सांगायचं होतं. पण सकाळी स्कूटर आली आणि मी मुकाट मागे बसलो. का? न्यायला कोण आलं असतं मग? इतकं साधं, इतकं हलकट कारण होतं ते. पुढे कारखाना बंद पडला, निवृत्ती गावी गेला. त्यालाही आता चार वर्षं झाली. दर खंडेनवमीला तो उपास करतो आणि संध्याकाळी फोन करतो. "खांदा कसा हाय, दादा?" मी सांगतो, बरा आहे.

परवाच्या फोनवर तो सहज बोलून गेला, की भावाच्या विहिरीचं काम चाललंय. खालचा मलबा वर ओढायला यारी लावली आहे, म्हणजे विहिरीवरची ती क्रेनच. चालवणारा नवखा आहे, एकदा बादली कठड्यावर आपटली. गावातल्या लोकांनी निवृत्तीला गळ घातली, तू चालव. तो म्हणाला, "माझ्या हाताखाली मानूस नको रे बाबा. लय भ्या वाटतं." आणि विहिरीत त्याचा सख्खा भाऊ उतरतो.

बस्स झालं.

सकाळी पहिल्या एसटीने कळवणला जातोय. सुमन सोबत येते आहे. निघायच्या आधी हा कागद तिच्या हातात देणार आहे, तिला माझ्या तोंडून अर्धवट काही कळायला नको. हाड आज बरं नाही, एसटीत ठणकेल, ठणकू दे. विहिरीवर सगळे असतील. तिथेच सांगायचं, कारण खोटंही मी सगळ्यांसमोरच बोललो होतो. दुखणं, टिंगल, राग, यातलं काहीही तोंडातून काढायचं नाही. एवढंच म्हणायचं — निवृत्ती, मला हे आधीपासून होतं आणि मला ते माहीत होतं. तुझ्या हातून मला काहीही झालेलं नाही. तू यारीवर जा.