हस्तिदंती बाईच्या बरगडीवरचे कुंकू

निजामी फसली सन १३२५, इस्फंदार महिन्याची सात तारीख, म्हणजे इंग्रजी १९१६ चा जानेवारी, सकाळचे साडेनऊ. वेळ मी खिशातल्या घड्याळात पाहिली होती, म्हणून ती नक्की आहे. पुढची हकीकतही तितकीच नक्की आहे. तिचा अर्थ मात्र मला लागलेला नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि आज पंच्याहत्तराव्या वर्षीही नाही. गावात कोणाच्या अंगात आले की मी त्याला विहिरीच्या कामाला लावीत असे. बहुधा दुपारपर्यंत उतरे. तरीही या मासिकाच्या वाचकांपुढे हे मांडतो, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत घडले.

त्या वर्षी माझी पत्नी कृष्णाबाई आठ महिन्यांपासून खंगत चालली होती. संध्याकाळी अंग तापे, जेवण चिमणीएवढे. आम्ही देशमुख. आमच्या घराण्याची रीत अशी, की वैद्य आला तर बाईने पडद्याआड बसायचे, मनगट तेवढे बाहेर काढायचे. कुठे दुखते हे परपुरुषाला सांगायचे नाही. माझ्या आईची शिस्त याहून कडक. तिने सुनेला नवऱ्यालाही न सांगण्याची सवय लावली होती. वैद्य नाडी धरून विचारीत, "बाई, त्रास कुठं?" आतून उत्तर येई, "कुठंच न्हाई." वैद्य वात म्हणत आणि चूर्ण बदलीत. ही रीत मोडण्याजोगी आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

तिला काळजी माझ्या गुडघ्याची. त्या सकाळी म्हणाली, "चौसाळ्याला चिनी चाचाकडं जाऊन या. उठताना म्हातारीवानी कण्हता. लोक हासत्यात."

"आणि तू?"

"मला काय झालंय? म्या जेवत न्हाई म्हून तुमची जवारी वाचती, ते बगा."

मी घोडीवर बसून निघालो. चौसाळा आमच्या गावाहून दोन कोस.

चिनी चाचा म्हणजे शेख इमाम. तरुणपणी सरकारी पलटणीबरोबर जखमा बांधणारे ड्रेसर म्हणून ते चीनला गेले होते. परतताना इतरांनी रेशीम आणले; यांनी एका मयत चिनी वैद्याचे अख्खे दुकान त्याच्या विधवेकडून रीतसर विकत घेऊन आणले. खणांची कपाटे, सुयांच्या पेट्या, वाळलेल्या मुळ्या, हरणाची शिंगे, सारे दोन खोल्यांत मांडून दारावर पाटी लावली — ‘चिनी हकिमीचा अजायबखाना’. दिंद्रुडहून, धर्मापुरीहून लोक गाड्या जुंपून पाहायला येत. औषध ते कोणालाच देत नसत. चिनी अक्षरे वाचता येत नसल्याने कोणत्या खणात काय आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. हे ते प्रामाणिकपणे सांगत, त्यामुळे माझ्या गुडघ्याचा प्रश्न दारातच निकालात निघाला.

आत एक शेतकरी बरणीतला वाळका समुद्री घोडा न्याहाळीत होता.

"चाचा, ह्यो घोडा हाय का इंचू?"

"समुंदरचा घोडा हाय बे. बसतो का? खोगीर देतो."

"नगं. माजं बैलच बरं हायेत," म्हणत तो हसत निघून गेला. आम्ही दोघेच उरलो.

चाचांनी बिनदुधाचा हिरवा चहा पुढे केला. मी नाकारला, त्यांनी दोन्ही पेले संपवले. मग कुलूपबंद शिसवी पेटी काढली. "देशमुख, ही चीज मी सगळ्यांना दावत न्हाई. तिकडं अमीरांच्या बायका हकिमाला बोलत न्हाईत, हात बी दावत न्हाईत. पडद्याआडून ही बाहुली बाहेर येती. बाईनं जिथं दुखतंय तिथं हिच्यावर खूण करायची, बस. हकीम वाचतो, पुसतो, दवा देतो."

"आमच्याहून कडक," मी म्हणालो.

"न्हाई साहेब. तुमच्याहून शहाणे."

त्यांनी पेटी उघडली. आत वीतभर लांबीची हस्तिदंताची बाई कुशीवर टेकून पहुडलेली होती. तिच्या डाव्या बरगडीखाली कुंकवाचे एक बोट उमटलेले होते. ओले. मी घड्याळ पाहिले ते याच वेळी.

"कोन शैतान हाय हा?" चाचा हसले, रुमालाने पुसून त्यांनी पेटी लावली. पण तोंडावरचे हसू तसेच ठेवून पुन्हा उघडली. कुंकू त्याच जागी होते.

आता मी पुढे झालो. बाई स्वतः पुसली, पेटीला कुलूप स्वतः लावले, किल्ली मुठीत धरली. माझी आणि त्यांची बोटे उजेडात नेऊन पाहिली, स्वच्छ होती. शंभरपर्यंत मोजून कुलूप काढले.

तिसऱ्यांदा तेच.

चाचा खुर्चीत बसले. "देशमुख, या घरात कुंकू न्हाई. माझी बीबी कशाला ठिवील? तुमच्या घरी कोनी बीमार हाय का?"

"नाही," मी म्हणालो. घोडीपर्यंत गेलो आणि परत आलो. "आहे."

"मग हितं कावून थांबले? जाव ना!"

घरी पोचलो तेव्हा कृष्णाबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होती. मी उभ्याउभ्या विचारले, "डाव्या बरगडीखाली दुखते काय?"

सूप थांबले. "तुमाला कोनी सांगितलं?"

"दुखते की नाही?"

"तुमी गेल्यावर न्हाऊन कुकू लावाया बसले, तर कळ आली. बोट तसंच दाबून धरलं. एकदा न्हाई, तीनदा." तिने पदर सरकवून लुगडे दाखवले. बरगडीखाली कुंकवाचा डाग होता, एकावर एक उमटलेला. मग ती हसू लागली. "इतक्या वर्सांत पयल्यांदा इचारलंत. त्यासाठी चीनपातूर जावं लागलं व्हय?"

बीडच्या डॉक्टरीणबाईने पुढे हात लावून पाहिले आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे असे सांगितले. जुना हिवताप. तीन महिने क्विनाइन घेतल्यावर ती दोन भाकरी खाऊ लागली. आज हा मजकूर तिला वाचून दाखवला, तेव्हा "तांदूळ न्हवतं, तूर व्हती," एवढीच दुरुस्ती तिने सुचवली. मी ती केलेली नाही.

चाचांनी नंतर ती पेटी अनेकांसमोर उघडली. काही दिसले नाही. मीही चारदा जाऊन पाहिले. खुलासा सापडला नाही, आणि तो शोधणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

त्या दिवशी मात्र विचार करीत बसायला वेळ नव्हता. बीडला पहाटे निघायचे होते. मी गाडीच्या आखाला वंगण घातले, आत कडबा पसरला आणि वर गादी टाकली. गादी एक पुरेशी होती. दोन टाकल्या.