रविवारचं शहाळं

कोरोनातून माझी फुप्फुसं सावरली, मूत्रपिंडं सावरली नाहीत. आधीचा मधुमेह, त्यात ते आजारपण. काहींची हळूहळू पुन्हा कामाला लागतात, असं डॉक्टर म्हणाले होते. माझी लागली नाहीत. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गोखिवऱ्यातल्या आमच्या इमारतीत हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी पॉझिटिव्ह निघाले तेव्हा शेजाऱ्यांनी जिन्यात दोरी बांधली होती. पुन्हा तसं व्हायला नको होतं. मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून सुयांच्या खुणा झाकल्या. कुठे जाता विचारलं की सांगायचे, पाठीच्या व्यायामाला.

त्या दोरीखालून डबा सरकवणारी एकटी समोरची शेजारीण. तिचं माहेर भुईगावचं, नारळाची वाडी. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाला की माहेरी डोकावून माझ्यासाठी शहाळं आणायची.

"कोरोनाने पार सुकवलंय तुम्हाला, वहिनी. आमच्या वाडीचं पानी प्या."

शहाळ्यातलं पोटॅशियम माझी मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नाहीत, ते हृदयावर येतं. साधं पाणीसुद्धा मला मोजूनच प्यायचं असतं. हे सगळं पाठ होतं. तिची पाठ वळली की मी शहाळं बेसिनमध्ये ओतायचे.

एका रविवारी ती कोयता घेऊनच आली. माझ्या स्वयंपाकघरात शहाळं फोडलं आणि समोर बसली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी प्यायले. तिने दुसरं फोडलं. तेही प्यायले.

संध्याकाळी पायांतलं बळ गेलं, छाती धडधडू लागली. नवरा गावी होता. रिक्षा करून तिनेच दवाखान्यात नेलं. ईसीजी बघून डॉक्टर ओरडले, "डायलिसिसवर आहात आणि नारळपाणी प्यायलात?"

"कसलं डायलिसिस?" तिने विचारलं. तेवढ्यात नर्सने माझी बाही वर सारली.

मशीन सुरू झाल्यावर ती आत आली. "माझ्या हातून मेल्या असत्या तुम्ही. फादरला काय सांगितलं असतं मी? शेजारणीला पानी पाजून मारली?"

"तुमची चूक नाही," मी म्हणाले.

"ते कळलं मला. पण मला का नाही सांगितलं? मी बांधली होती का दोरी?"

 मी मोकळ्या हाताने सुयांवर चादर ओढून घेतली.

आता रविवारी ती रिकाम्या हाताने येते आणि दारातूनच विचारते, "वहिनी, आज पानी किती झालं?" सगळ्या जिन्यात ऐकू जातं. कुणी दोरी बांधलेली नाही. बाह्या मात्र मी अजून लांबच शिवते.